कचऱ्याची वर्गवारी, माणसांची वर्गवारी

आपल्या शहरांतील गृहनिर्माण सोसायट्यांच्या फलकांवर अलीकडे एक सूचना हमखास आढळते : 'ओला कचरा व सुका कचरा वेगवेगळा द्यावा.' खाली चिटणीसांची सही असते, दंडाची रक्कम असते, कधी पर्यावरणाविषयी एखादे सुभाषितही असते. सूचना योग्यच आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ती वाचणाऱ्याचा असा समज होतो की, कचरा निवडणे ही या शहरांत नव्यानेच आलेली गोष्ट आहे. सुशिक्षित नागरिकांना जाग आली, सरकारने नियम केले आणि वर्गीकरण सुरू झाले, असा हा समज आहे. इतिहासाच्या दृष्टीने तो खोटा आहे. या शहरांतला कचरा रोज निवडला जात होता. तो घराबाहेर गेल्यावर, कुंडीत सडल्यावर, ठरावीक जातींच्या बायकांच्या हातांनी निवडला जात होता, एवढेच. म्हणून वर्गीकरण केव्हा सुरू झाले, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ते कोणी केले, कोणत्या अवस्थेत केले आणि करणाऱ्यांची नोंद का झाली नाही, हे आपण विचारले पाहिजे.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. आमच्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आली आणि पुढे तीसेक वर्षे तिने कागद, काच, पत्रा वेचला. तिला अक्षरओळख नव्हती. पण पांढरा कागद, वर्तमानपत्राची रद्दी, पुठ्ठा, पांढरी काच, रंगीत काच, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, तांबे, कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक असे डझनभर वाटे ती एका बैठकीत करीत असे, कारण भंगाराच्या दुकानात प्रत्येकाचा भाव वेगळा. प्लास्टिक कोणत्या जातीचे हे ती वाकवून, चुरगाळून, त्याच्या आवाजावरून सांगे. 'कागद भिजला की त्याचा पैसा गेला, बाई,' हे तिचे अर्थशास्त्र होते. दोन डब्यांत कचरा टाकायला सुशिक्षित घरांना पंचवीस वर्षे शिकवावे लागत आहे. डझनभर वाटे करणाऱ्या बाईला मात्र अडाणी म्हटले जाते. मराठीत 'निवडणे' हे एकच क्रियापद तांदळालाही चालते आणि कचऱ्यालाही. तांदूळ निवडणारी बाई घरात बसली आणि कचरा निवडणारी कुंडीपाशी, हा फरक मात्र भाषेने केलेला नाही.

हा फरक कोठून आला हे पाहायचे तर आधी इमारतीचाच इतिहास पाहावा लागेल.

फ्लॅटची इमारत आपल्याकडे आली ती जात बाहेर ठेवून आली नाही. भारतातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचा उल्लेख होतो ती मुंबईच्या गावदेवीतील सारस्वत संस्था १९१५ साली नोंदली गेली. जात संस्थेच्या नावातच होती. पुढे अनेक ज्ञातींनी आपापल्या सोसायट्या उभारल्या. सहकार हे तत्त्व आधुनिक, पण सहकाऱ्याची निवड जुन्याच चाळणीतून. २००५ साली गुजरातमधील एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवण्याचा संस्थेचा अधिकार मान्य केला. म्हणजे ही चाळणी विसाव्या शतकाबरोबर संपलेली नाही.

इमारतीच्या रचनेतही हा इतिहास वाचता येतो. टोपलीच्या संडासांच्या काळात भंग्याने समोरून येऊ नये म्हणून घरांच्या पाठीमागे अरुंद बोळ सोडलेली असे. मुंबईत तिला घरगल्ली म्हणतात. वाहत्या पाण्याचे संडास आल्यावर ते फ्लॅटच्या आत आले, पण सफाई करणाऱ्याची वाट मागचीच राहिली. मुंबईतील जुन्या इमारतींच्या पाठीला चिकटलेला लोखंडी गोल जिना पुष्कळांनी पाहिला असेल. दिवाणखान्यातून न जाता मोरी-संडासापर्यंत पोहोचता यावे आणि केरकचरा खाली नेता यावा, यासाठी तो होता. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात तर 'हलालखोर कर' याच नावाचा कर होता. नागरिकांनी कर भरायचा आणि जातीने काम करायचे, असा हा आधुनिक नगरशासनाचा करार. आज टोलेजंग इमारतींत नोकरांसाठी वेगळी लिफ्ट असते. मी भाड्याने राहते त्या सोसायटीच्या सभेत, कचरा न्यायला येणाऱ्या बाईने पाहुण्यांच्या लिफ्टने जाऊ नये, असा ठराव गेल्या वर्षी आला आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ठराव मांडणाऱ्यांनी जातीचा उच्चार केला नाही. त्यांनी 'वास' हा शब्द वापरला. लोखंडी जिना गंजला तरी त्यामागची कल्पना धडधाकट आहे.

तात्पर्य असे की, आपल्या सोसायट्यांनी माणसांची वर्गवारी आधी केली आणि तिच्या जोरावर कचऱ्याची वर्गवारी टाळली. आपल्या घाणीला स्पर्श न करण्याची चैन ज्याला परवडते, त्याला ती घाण वेगळी करण्याचे कारणच पडत नाही. केरसुणीचेच पाहा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरोघर केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते. ती केरसुणी बांधणारी मांगीण मात्र उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हती. वस्तू पवित्र आणि ती घडविणारा हात अपवित्र, हे ज्या धर्मव्यवस्थेला खटकले नाही, तिला कचरा वेचणारा हात दिसला नाही तर नवल कसले?

गावगाड्यात घाणीचे काम गावकीने नेमून दिले होते. मेलेली जनावरे ओढणे हे महाराचे वतनी काम. महाडच्या १९२७ च्या परिषदेपासून बाबासाहेबांनी हे काम आणि मृतमांस सोडण्याचा आग्रह धरला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. जाती ही केवळ कामाची वाटणी आहे, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मोडून काढला होता. ही वाटणी कामाची नसून काम करणाऱ्यांची आहे आणि ती जन्माने ठरते, हा त्यांचा मुद्दा होता. घाणीच्या कामाला सेवेचे, पुण्याचे रूप देऊन त्यात माणसाला अडकवून ठेवण्यालाही त्यांचा कडाडून विरोध होता.

वतन कायद्याने गेले आणि चौदा वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून भूमिहीन कुटुंबे पुण्या-मुंबईला आली. पुरुषांना बिगारी, हमाली मिळाली, बायकांना काय? पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत स्त्रियांची, आणि त्यांतही मातंग व बौद्ध स्त्रियांची बहुसंख्या झाली, ती या प्रवाहातून. या वेळी त्यांना हे काम कोणी हुकूम देऊन लावले नव्हते. भांडवल लागत नव्हते, ओळख लागत नव्हती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जात विचारली जात नव्हती. आजी म्हणे, 'कुणाच्या दारात शिवाशिव सोसण्यापरीस कुंडी बरी. कुंडी नाव इचारत नाही.' गावातून निघताना जे काम मागे टाकले असे वाटले होते, ते शहराच्या कोपऱ्यावर पुन्हा भेटले. त्याच दशकात डॉ. बाबा आढाव 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम घेऊन गावोगाव फिरत होते. पाणी शिवू न देणारे गाव आणि कचरा शिवायला लावणारे शहर, ही एकाच व्यवस्थेची दोन टोके होती.

कोणी म्हणेल, कचरा वेचणारे गरीब तर सगळ्याच औद्योगिक शहरांत होते. यात जातीचे काय? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. म्हणून फ्लॅटच्या इमारती आणि कचऱ्याची सक्तीची वर्गवारी हे दोन्ही जेथे लवकर एकत्र आले, त्या पॅरिसचे उदाहरण घेऊ. तेथील प्रशासक युजीन पुबेल याने नोव्हेंबर १८८३ मध्ये हुकूम काढला आणि जानेवारी १८८४ पासून तो अमलात आला. इमारतीच्या प्रत्येक मालकाने झाकणाचे डबे पुरवायचे. कुजणारा कचरा वेगळा, कागद व चिंध्या वेगळ्या, काच, खापऱ्या व शिंपले वेगळे. आजही फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला त्याच प्रशासकाचे नाव आहे. परंतु या हुकमाने शहरातील हजारो चिंध्यावेचकांचे पोट धोक्यात आले. पूर्वी इमारतींपुढे रस्त्यावर ओतलेला ढीग त्यांना पहाटे निवडता येई. काही वेचकांचा तर ठरावीक इमारतींवर रूढीने हक्क चालत असे आणि तो विकताही येई. मोठा गदारोळ झाला, वृत्तपत्रांत व लोकप्रतिनिधींत चर्चा झाली, आणि अखेर गाडी येण्यापूर्वी डबे कापडावर ओतून निवडण्याची मुभा वेचकांना मिळाली. तीन डब्यांची वर्गवारी मात्र रहिवाशांनी फारशी पाळली नाही. घरांनी न केलेले काम पुढेही वेचकच करीत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या धंद्यावर बंदी आली आणि तो लयाला गेला.

पॅरिसच्या या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, सुधारणेचा हुकूम वरून येतो तेव्हा आधीपासून ते काम करणाऱ्याला तो जमेस धरीत नाही. त्याला भांडून जागा मिळवावी लागते. हे तेथेही झाले आणि येथेही. दुसरी गोष्ट आपल्या आक्षेपाचे उत्तर आहे. पॅरिसचा वेचक दरिद्री होता, तिरस्कृत होता, शहराच्या कडेला राहत होता. पण त्याचा मुलगा कारकून झाला की बापाचा धंदा त्याच्या आडनावात उरत नव्हता. आपल्याकडे तो उरतो. मी प्राध्यापक झाले तरी 'मूळच्या कुठल्या?' हा प्रश्न चुकत नाही. दारिद्र्य ही अवस्था आहे, तिच्यातून माणूस सुटू शकतो. जात सुटायला देत नाही, म्हणून येथे कचऱ्याचा प्रश्न नुसता नागरी सुविधेचा राहत नाही.

आता पुण्याकडे येऊ. कारण पॅरिसच्या वेचकांना जे टिकविता आले नाही, ते टिकविण्याचा प्रयत्न येथे झाला.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण आदी कार्यकर्त्या वेचक मुलांना व बायकांना शिकवायला वस्त्यांत गेल्या. अक्षरांपेक्षा आधी निकड होती ती कामाच्या अवस्थेची. कुंडीत उतरून निवडण्याऐवजी घरांनीच सुका माल वेगळा काढून द्यावा, अशी विनंती काही भागांतील रहिवाशांना करण्यात आली आणि तीसेक बायकांना तसा माल मिळू लागला. त्याच सुमारास एका उद्योजकाने गाडी घेऊन घरोघरचा सुका कचरा नेण्याची योजना काढली. बायकांनी निदर्शने केली आणि त्याला माघार घ्यावी लागली. या झगड्यातून संघटनेची गरज स्पष्ट झाली. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली आठशेहून अधिक वेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. आजीच्या पाठीवरच्या बोचक्यात जे तीन जिन्नस असत, तेच संघटनेचे नाव झाले. त्याच १९९३ साली हाताने मैला साफ करविण्यास बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा झाला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे. कचऱ्याविषयीची अल्मित्रा पटेल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली १९९६ मध्ये. नागरी घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले २००० मध्ये. म्हणजे 'घरातच वेगळा करा' ही मागणी पुण्यात वेचक बायकांच्या बाजूने कायद्याच्या बरीच वर्षे आधी झाली होती. सोसायटीच्या फलकावरील सूचनेचे पूर्वज शोधायचे तर ते मंत्रालयात शोधण्याआधी या बायकांत शोधावे लागतील. शहराने मात्र त्यांना चोर म्हटले. रात्री-अपरात्री पोती घेऊन फिरतात म्हणून पोलीस हटकीत, कुत्री मागे लागत. म्हणूनच पंचायतीची पहिली मोठी लढाई ओळखपत्राची होती. महापालिकेच्या मान्यतेचे ओळखपत्र नव्वदीच्या दशकाच्या मध्यास मिळाले, तेव्हा आजीने ते तांदळाच्या डब्यात ठेवले होते. रेशनकार्डही तेथेच असे.

२००८ मध्ये वेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. बाई दाराशी येईल, घरटी ठरावीक शुल्क घेईल, ओला कचरा महापालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवील आणि सुक्यातील विकण्याजोगा माल तिचा राहील, अशी ही व्यवस्था. शहर तेच, कचरा तोच, बायकाही त्याच. पण कुंडी मधून गेली, आणि घरवाल्याला त्या बाईशी बोलणे भाग पडले. ही साधी गोष्ट नाही. अर्थात करार संपला की नूतनीकरणासाठी पुन्हा झगडावे लागते आणि यंत्रे व भांडवल घेऊन आलेल्या ठेकेदाराची टांगती तलवार असतेच.

दरम्यान नियम पुढे गेले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वाटे सांगितले, सॅनिटरी नॅपकिन व डायपर नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली, मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असे म्हटले, आणि 'कचरावेचक' हा शब्द व्याख्येसह कायद्यात आणला. त्यांची जागा घेणाऱ्या २०२६ च्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार वाटे केले. प्रत्येक नियमाबरोबर वाटे वाढतात आणि प्रत्येक वाट्यामागे कोणाच्या तरी हाताची जखम असते. फुटकी काच कागदात न गुंडाळल्याने बोट कापलेली बाई वेचकांच्या कोणत्याही वस्तीत भेटेल. वापरलेले नॅपकिन उघडे टाकू नका, हे सांगून सांगून थकलेल्या पुण्यातील वेचक बायकांनी २०१३ मध्ये तसल्या नॅपकिनची पाकिटे ते बनविणाऱ्या कंपन्यांनाच पाठवून दिली होती. ज्यांनी माल विकून नफा घेतला त्यांनी त्याच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, हा त्यामागचा सरळ विचार. आमच्या चळवळीच्या इतिहासात या पाकिटांची नोंद व्हायला हवी.

येथे आपल्या आपसांतला एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा म्हणून सांगितले; पंचायत कचऱ्यावर आमचा हक्क म्हणते. मग खरे काय? माझे काही विद्यार्थी रागाने विचारतात, 'मॅडम, आपल्या बायकांनी कचऱ्यावर हक्क मागायचा म्हणजे जातीचा धंदा पक्का करायचा नाही का?' हा राग मला मोलाचा वाटतो. वारसाहक्काने सफाईची नोकरी मिळाली की घरात पगार येतो आणि झाडूही घरातच राहतो, हे या तरुणांनी पाहिलेले आहे.

तरीही मला वाटते की, ही दोन टोके परस्परांच्या विरोधात नाहीत. ज्या बाईचे आजचे पोट या कामावर आहे, तिच्या हातून ते ठेकेदाराने हिसकावले तर ती जातीतून मुक्त होत नाही. ती फक्त उपाशी राहते. पॅरिसच्या वेचकांचा धंदा गेला, म्हणून त्यांना सन्मान मिळाला असे नव्हे. आज काम करणारीला दर, ओळख, विमा, लिफ्ट आणि स्वच्छ माल मिळाला पाहिजे. उद्या तिच्या मुलीला त्या कामाकडे न वळण्याची खरी मोकळीक मिळाली पाहिजे. आजीच्या ओळखपत्रामुळे पोलिसांचा जाच कमी झाला, हप्ते वेळेवर गेले, आई शाळेत टिकली आणि मी महाविद्यालयापर्यंत आले. हक्क मिळाला म्हणूनच काम सुटले.

आणि यातला दुसरा अर्धा भाग आपल्याकडे नाही, तो सोसायटीकडे आहे. घाण ही ज्याची त्याची असते आणि ती आधी ज्याने त्याने हाताळावी, हे तत्त्व जातिव्यवस्थेच्या मुळावर येणारे आहे. ज्या घरात भात-भाजीचे उरलेसुरले वेगळे ठेवले जाते, दुधाची पिशवी धुऊन दिली जाते, काच गुंडाळून हातात दिली जाते, त्या घराने आपला स्पर्श आपल्या घाणीला होऊ दिला. ज्या घरात 'ते काम तिचे आहे' म्हणून सगळे एका पिशवीत कोंबले जाते, तेथे घरगल्ली अजून शाबूत आहे, मग इमारत कितीही नवी असो. २०१४ पासून स्वच्छतेच्या मोहिमेत झाडू हाती घेतलेल्या प्रतिष्ठितांची छायाचित्रे पुष्कळ निघाली. रस्त्यावरचा झाडू एक दिवस हाती घेणे सोपे आहे. स्वयंपाकघरातला डबा रोज वेगळा करणे कठीण आहे, कारण तेथे छायाचित्रकार नसतो.

वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे. दुष्काळात आलेल्या पिढीतील वेचक बायका आता मोजक्याच उरल्या आहेत आणि त्यांच्या कामाची दप्तरे कोठेही नाहीत. त्या कोणत्या गावाहून आल्या, कोणत्या कुंड्यांवर फिरल्या, कोणत्या इमारतींचे दार त्यांना कधी उघडले, कोणता माल कोणत्या भावाने गेला, हे आत्ताच लिहून घेतले पाहिजे. माझ्या पदव्युत्तर वर्गातील मुलांनी या वर्षी हे काम सुरू केले आहे. प्रत्येकाने आपापल्या इमारतीत दोन प्रश्न विचारायचे : कचरा न्यायला येणाऱ्या बाईचे नाव काय, आणि ती कोणत्या जिन्याने वर येते? पहिल्या प्रश्नाला बहुतेक दारांत उत्तर मिळाले नाही. दुसऱ्याचे उत्तर सगळ्यांना माहीत होते.